मुंबईचा खडक पाहायला निघालेल्या खान्देशकरांसाठी: भूविविधता अभ्यास-सहलीचे मार्गदर्शन

खान्देशातील शाळा-महाविद्यालयांची सहल मुंबईला निघाली की गेटवे, राणीची बाग, तारांगण आणि चौपाटी हा कार्यक्रम बहुधा आधीच ठरलेला असतो. त्यात वाईट काही नाही. परंतु ज्या जमिनीवर हे सगळे उभे आहे, तिच्याकडे पाहायला कोणी सांगत नाही. मी भूगोल शिकवतो आणि अमळनेर-पारोळ्याकडील विद्यार्थ्यांना घेऊन मुंबईचे खडक, टेकड्या, खाड्या आणि किनारे पाहण्याच्या सहली करत आलो आहे. ही सहल आखायला बसल्यावर पहिला प्रश्न पडतो तो सुरुवात कुठून करायची हा, आणि त्याचे एकत्रित उत्तर सहसा कुठे मिळत नाही. शिक्षक, महाविद्यालयीन विद्यार्थी किंवा एखादा हौशी गट यांना ते एका जागी मिळावे, म्हणून हा लेख लिहिला आहे.

भूविविधता म्हणजे एखाद्या प्रदेशातील खडक, खनिजे, जीवाश्म, माती, भूरूपे आणि त्यांना घडवणाऱ्या प्रक्रिया यांचे वैविध्य. झाडे, पक्षी व प्राणी यांच्या वैविध्याबद्दल आपण पुष्कळ बोलतो आणि त्यासाठी २००२ चा कायदाही आहे. खडकांच्या वाट्याला तेवढे लक्ष आलेले नाही. भूवारसा स्थळांच्या जतनासाठीच्या विधेयकाचा मसुदा केंद्र सरकारने २०२२ मध्ये प्रसिद्ध केला आणि त्याच वर्षापासून ६ ऑक्टोबर हा आंतरराष्ट्रीय भूविविधता दिन म्हणून पाळला जाऊ लागला. म्हणजे हा विषय अजून कोवळा आहे. किनाऱ्यावरील शहरात तो अधिक निकडीचा होतो, कारण तेथे जमीन महाग असते, टेकडी फोडून खाडी बुजवणे हा जमीन मिळवण्याचा सोपा मार्ग ठरतो, आणि त्या एका कृतीत दोन भूरूपे एकदम नाहीशी होतात.

१. आधी आपल्या गावचा खडक पाहून घ्या

मुंबईला जाण्यापूर्वी किमान एक दिवस घराजवळच्या खडकासाठी द्यावा, अशी माझी आग्रहाची सूचना आहे. मुंबई आणि खान्देश दोन्ही दख्खनच्या लाव्हावर उभे आहेत. मात्र खान्देशचा खडक या कुटुंबातील सरळ, शिस्तीचा सदस्य आहे, तर मुंबईचा खडक बराच वेगळ्या वळणाचा आहे. सरळ नमुना डोळ्यांत भरल्याशिवाय वळण कळत नाही.

नुकतीच खोदलेली विहीर यासाठी उत्तम. विहीर खोदणाऱ्या माणसाला थर विचारले, तर तो वरून खाली माती, मुरूम, मांजऱ्या आणि काळा पाषाण (म्हणजे बेसाल्ट) अशी यादी सहज सांगतो. मांजऱ्या म्हणजे बारीक पोकळ्यांनी भरलेला, तुलनेने मऊ खडक. लाव्हा थंड होताना त्यातील वायूचे बुडबुडे अडकून या पोकळ्या तयार झाल्या आणि पुढे त्यांत पांढरी खनिजे भरली. जळगाव जिल्ह्यातील सावद्याच्या परिसरातून निघालेले असे स्फटिक जगभरच्या संग्राहकांना ठाऊक आहेत, पण आपल्या मुलांना ते क्वचितच दाखवले जातात. रस्त्याने मुंबईला जाणार असाल, तर सिन्नरचे गारगोटी संग्रहालय वाटेत पाहता येते.

धुळे आणि नंदुरबार जिल्ह्यांतील वाचकांनी आपल्याकडचे डाइक अवश्य पाहावेत. जमिनीतील लांब भेगांत लाव्हा शिरून गोठला. आजूबाजूचा मऊ खडक झिजून गेला आणि हा टणक खडक शिवारातून बांध घालावा तसा सरळ रेषेत उभा राहिला. यांपैकी बरेच डाइक साधारण पूर्व-पश्चिम पसरलेले आहेत. डाइकच्या एका बाजूच्या विहिरीला पाणी आणि दुसऱ्या बाजूची कोरडी, हा अनुभव अनेक गावांत आहे; काही ठिकाणी हा खडक भूजलाला आडवा येतो, हे त्याचे कारण. ‘खडकाचे मूल्य’ म्हणजे काय, हे समजावण्यासाठी यापेक्षा जवळचे उदाहरण मला सापडलेले नाही.

२. नकाशे मिळवा आणि ठिकाणे थोडीच निवडा

भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षण संस्थेच्या ‘भूकोश’ या संकेतस्थळावर भूशास्त्रीय नकाशे पाहायला मिळतात. त्यावरून मुंबई आणि आपला जिल्हा या दोहोंच्या प्रती छापून सोबत ठेवाव्यात. दुसरा नकाशा मुंबईच्या मूळ सात बेटांचा हवा: कुलाबा, धाकटा कुलाबा, मुंबई, माझगाव, परळ, वरळी आणि माहीम. तो आजच्या नकाशावर ठेवून पाहिला की शहराचा किती भाग भरावावर आहे, हे विद्यार्थ्यांना वेगळे सांगावे लागत नाही.

तीन दिवसांच्या सहलीत पाच ठिकाणे पुरेशी होतात: फोर्ट भागातील दगडी इमारती, अंधेरीची गिल्बर्ट टेकडी, बोरिवलीचे संजय गांधी राष्ट्रीय उद्यान व कान्हेरी लेणी, वांद्रे किंवा मनोरी येथील खडकाळ किनारा, आणि शिवडीची खाडी. घारापुरीचा मोह टाळणे अवघड असते, पण बोटीच्या येण्याजाण्यात बराच दिवस जातो. अजिंठा पाहिलेल्या विद्यार्थ्यांना कान्हेरी अधिक शिकवून जाते, असे माझे मत आहे.

३. तारीख कॅलेंडरवरून नव्हे, तिथीवरून ठरवा

सहलीचे यश सर्वांत जास्त या टप्प्यावर अवलंबून असते आणि समुद्रापासून दूर राहणाऱ्या आपल्यासारख्यांना नेमके तेच सुचत नाही. किनाऱ्यावरचा खडक ओहोटीलाच उघडा पडतो. भरतीच्या वेळी पोहोचलात, तर कठड्यावरून पाणी पाहून परत यावे लागेल. उधाणाच्या दिवसांत, म्हणजे अमावास्या-पौर्णिमेच्या आसपास, मुंबईला भरती व ओहोटी यांच्या पातळीत चार मीटरहून अधिक फरक पडू शकतो. म्हणजे सकाळी ज्या खडकावर उभे होतो, त्यावर दुपारी दोन पुरुष पाणी असू शकते.

कोकण किनाऱ्यावर चालत आलेला एक हिशेब येथे कामी येतो. तिथीच्या अंकाची पाऊणपट केली की पूर्ण भरतीची अंदाजे वेळ मिळते आणि त्यानंतर सुमारे सहा तासांनी पूर्ण ओहोटी येते. द्वितीयेला दोनाची पाऊणपट दीड, म्हणून भरती दीडच्या सुमारास आणि ओहोटी सकाळी साडेसातच्या सुमारास. चतुर्थीला भरती तीनला, ओहोटी नऊला. अष्टमीला ओहोटी भर दुपारी बाराला येते खरी, परंतु त्या दिवसांत भांगाची भरती-ओहोटी असते. पाणी फारसे मागे हटत नाही आणि खालचा खडक दिसत नाही. अमावास्या किंवा पौर्णिमेला पाणी दूरवर हटते, पण पहाटे आणि संध्याकाळी, म्हणजे मुलांना खडकावर न्यायला नको त्या वेळी. म्हणून अमावास्या किंवा पौर्णिमा उलटून गेल्यानंतरची द्वितीया ते चतुर्थी हे दिवस धरावेत. उधाणाचा जोर तेव्हा टिकून असतो आणि ओहोटी सकाळच्या उजेडात मिळते.

हा हिशेब तारीख निवडण्यापुरता आहे. नेमक्या वेळेसाठी त्या तारखेचे अधिकृत भरती-ओहोटीचे वेळापत्रक पाहिलेच पाहिजे, कारण तासाभराचा फरक सहज पडतो. किनाऱ्यावर ओहोटीच्या दीड तास आधी पोहोचावे आणि पाणी वळल्यावर रेंगाळू नये.

महिना नोव्हेंबर ते फेब्रुवारी यांपैकी असावा. पावसाळ्यात ही सहल काढू नये. सोमवारी राष्ट्रीय उद्यान आणि कान्हेरी बंद असतात. तिथीच्या गणितात हा सोमवार हमखास विसरला जातो. सोमवार टाळता येत नसेल, तर तो किनाऱ्याला द्यावा.

४. कागदपत्रे

शाळेची सहल असेल, तर पुढील कागद एकाच फायलीत, दोन प्रतींत ठेवावेत:

- मुख्याध्यापक किंवा प्राचार्य यांचे पत्र, त्यात सहलीचा हेतू आणि विद्यार्थ्यांची व शिक्षकांची नावे;
- शिक्षण विभागाची सहल-परवानगी;
- पालकांची संमतिपत्रे, त्यांवर संपर्क क्रमांक, रक्तगट आणि आजारांची नोंद;
- रेल्वेच्या शैक्षणिक सवलतीसाठी शाळेच्या शिक्क्यासह अर्ज;
- सर्वांची ओळखपत्रे आणि वयाचा पुरावा (पुरातत्त्व विभागाच्या स्मारकांत १५ वर्षांखालील मुलांना तिकीट लागत नाही);
- राष्ट्रीय उद्यानातील निसर्गवाटेवर जायचे असल्यास वनविभागाकडे आगाऊ अर्ज आणि त्याची पोच.

रेल्वेचा अर्ज शेवटच्या आठवड्यावर टाकू नये. पत्रातील विद्यार्थिसंख्या आणि प्रत्यक्ष संख्या यांत फरक पडला, तर खिडकीवर अर्ज परत येतो आणि नवीन सही-शिक्क्यासाठी पुन्हा गावी धावावे लागते.

५. साहित्य

दहापट मोठे दाखवणारे भिंग, होकायंत्र, मापनपट्टी, कोनमापक व त्याला दोऱ्याने बांधलेला लहान ओळंबा, जाड पुठ्ठ्याची वही, पेन्सिल आणि घट्ट पकड असलेले बूट एवढे पुरते. होकायंत्र खडकावर टेकवून वाचू नये. बेसाल्टमधील चुंबकीय खनिजामुळे सुई भरकटू शकते, म्हणून ते छातीच्या उंचीवर धरावे. हातोडा घरी ठेवावा. राष्ट्रीय उद्यानातून किंवा स्मारकातून दगड उचलणे हा गुन्हा आहे, आणि इतरत्रही प्रत्येक गटाने एकेक कपची उडवली, तर पुढच्या गटाला पाहायला काय उरेल? चुन्याची परीक्षा घेण्यासाठी आम्लाची बाटली रेल्वेत नेण्याची गरज नाही. सुटलेल्या शंखशिंपल्याच्या तुकड्यावर लिंबाचे चार थेंब टाकले तरी बुडबुडे दिसतात. ड्रोन नेऊ नये. दक्षिण मुंबईत आणि बंदर भागात छायाचित्रांवरही निर्बंध असलेली ठिकाणे आहेत, तेथील फलक वाचावेत.

६. प्रवासातच पहिला धडा

जळगाव, भुसावळ किंवा चाळीसगावहून निघणाऱ्यांनी इगतपुरी ते कसारा हा घाट उजेडी पार होईल अशी गाडी निवडावी. रात्रीच्या गाडीने एक दिवस वाचतो हे खरे, पण घाट हातचा जातो. खिडकीतून समोरच्या डोंगरात लाव्हाचे थर एकावर एक, जवळजवळ आडवे रचलेले दिसतात. ते वहीत साध्या रेघांनी काढून घ्यावेत. कोकणात उतरल्यावर, पनवेलजवळून जाणाऱ्या, थरांना पडलेल्या एका लांबलचक वाकाच्या पश्चिमेला, हेच थर समुद्राच्या दिशेने कललेले आहेत. घाटात आडवे आणि मुंबईत पश्चिमेला कललेले, ही एक गोष्ट विद्यार्थ्यांनी स्वतः मोजून दाखवली, तरी सहल सार्थकी लागली असे समजावे. नंदुरबारकडून सुरतमार्गे जाणाऱ्यांना घाट लागत नाही. त्यांनी परतीचा प्रवास मध्य रेल्वेने करावा.

७. पहिला मुक्काम: इमारतींच्या भिंती

आल्या दिवशी थकलेल्या मुलांना डोंगरावर नेण्यापेक्षा फोर्ट भागात पायी फिरवावे. शहराचा खडक इमारतींच्या भिंतींत उघडा, धुतलेला आणि डोळ्यांच्या उंचीवर मिळतो. छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयाच्या इमारतीत दोन दगड शेजारी शेजारी आहेत: कुर्ल्याचा करडा बेसाल्ट आणि मालाडचा फिकट पिवळसर ट्रॅकाइट. राजाबाई टॉवरलाही कुर्ल्याचाच फिकट पिवळसर दगड वापरलेला आहे, तर गेटवे ऑफ इंडियाला पिवळा बेसाल्ट. हे सगळे ज्वालामुखीतून निघालेले दगड आहेत, पण ट्रॅकाइटमध्ये सिलिका अधिक असल्यामुळे त्याचा रंग फिकट आणि स्वभाव वेगळा. आमच्याकडील विद्यार्थ्याला ‘लाव्हाचा दगड पिवळाही असतो’ हे पटायला वेळ लागतो, कारण घरापासून शाळेपर्यंत त्याने काळाच दगड पाहिलेला असतो.

येथे एक सूचना. मरीन ड्राइव्हच्या काठावर दिसणारे दगड व सिमेंटचे चार पायांचे ठोकळे बाहेरून आणून टाकलेले आहेत. ज्या खडकाचा थर खाली जमिनीत जात नाही आणि ज्याच्या शेजारचा दगड वेगळ्याच जातीचा आहे, तो जागेवरचा नाही असे धरून चालावे. हौशी नोंदींत सर्वांत जास्त आढळणारी चूक हीच.

८. गिल्बर्ट टेकडी

अंधेरी स्थानकाच्या पश्चिमेला दाट वस्तीतून गेल्यावर अचानक सुमारे २०० फूट उंचीचा काळा कडा समोर उभा राहतो. जवळ गेल्यावर कळते की तो एकसंध नाही. उभे, बहुभुज स्तंभ एकमेकांना खेटून वरपर्यंत गेलेले आहेत. लाव्हा सावकाश थंड होताना आकसला आणि त्याला पाच-सहा बाजूंच्या भेगा पडत गेल्या; भेगा थंड होणाऱ्या पृष्ठभागाशी काटकोनात आत वाढत गेल्या आणि स्तंभ तयार झाले. पायथ्याशी एक स्तंभ निवडून विद्यार्थ्यांना त्याच्या बाजू मोजायला सांगावे. कोणाला पाच मिळतात, कोणाला सहा, आणि मग वाद सुरू होतो. तो थांबवू नये; नियमित षट्कोन फक्त पुस्तकात असतो.

वर गावदेवी व दुर्गामातेचे मंदिर आहे आणि खडकात कोरलेल्या पायऱ्यांनी तेथे जाता येते. हे पूजास्थान आहे आणि पायथ्याशी लोकांची घरे आहेत. म्हणून आधी विचारावे, घरांकडे कॅमेरा रोखू नये आणि मोठा गट असेल तर तुकड्या कराव्यात. वरून पाहिले की टेकडी चारही बाजूंनी किती तासली गेली आहे, हे दिसते. महानगरपालिकेने २००७ मध्ये तिला वारसा यादीत दुसऱ्या श्रेणीचे स्थान दिले, पण तोवर भोवतीचा खडक इमारतींच्या कामी आलेला होता. माझ्या मते मंदिराने या टेकडीला कागदापेक्षा जास्त वाचवले आहे, आणि स्थळाची नोंद करताना (टप्पा ११ पाहा) मूल्यांच्या रकान्यात ‘श्रद्धा’ हा शब्द लिहायला भूगोलाच्या विद्यार्थ्याने संकोचू नये.

टेकडीचे वय लिहिताना सावध राहावे. ती डायनोसॉरच्या काळातील, ६.६ कोटी वर्षांपूर्वीची असल्याचे ठिकठिकाणी लिहिलेले असते. २००१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या आर्गॉन-कालमापनानुसार (खडकात साठलेल्या आर्गॉन वायूवरून वय काढण्याची पद्धत) हा खडक सुमारे ६.०५ कोटी वर्षांचा आहे. मनोरी आणि साकीनाका येथील ट्रॅकाइटची वयेही याच काळाच्या आसपास निघाली. म्हणजे दख्खनचा मुख्य उद्रेक ओसरून गेल्यावर, डायनोसॉर नाहीसे झाल्यानंतर, पश्चिम किनाऱ्यावर पुन्हा हालचाल झाली. अर्ध्या कोटीचा हा फरक क्षुल्लक मानून सोडून दिला, तर मुंबईचे वेगळेपणच सुटते.

९. राष्ट्रीय उद्यान आणि कान्हेरी

पूर्ण दिवस द्यावा. बोरिवलीच्या प्रवेशद्वारातून कान्हेरीपर्यंतचे अंतर बरेच असल्याने आतील बसची चौकशी सकाळीच करावी. माकडांमुळे खाऊच्या पिशव्या हातात धरू नयेत.

अजिंठ्याची लेणी बेसाल्टच्या थरांत कोरलेली आहेत, कान्हेरीची मुख्यतः ज्वालामुखी ब्रेशियात. स्फोटक उद्रेकात फुटलेले लहानमोठे कोनदार तुकडे राखेसह पुन्हा सांधले जाऊन हा खडक बनतो. लेण्याच्या भिंतीवर भिंग धरले की शेंगदाण्याच्या चिक्कीत दाणे अडकावेत तसे करडे, तांबूस, हिरवट तुकडे बसलेले दिसतात. यांतील एकही तुकडा गोल नाही याकडे लक्ष वेधावे; नदीने वाहून आणला असता, तर तो तापीतल्या गोट्यासारखा घासून गुळगुळीत झाला असता. काही भिंतींवर खडक खाऊन जाऊन खळगे पडले आहेत, कारण तुकडे आणि त्यांना सांधणारी राख सारख्या वेगाने झिजत नाहीत. अजिंठ्यासारखी नितळ भिंत येथे का मिळत नाही, याचे उत्तर विद्यार्थी स्वतः देऊ शकतात.

लेण्यांच्या दाराशी कोरलेल्या पाण्याच्या पोढी, म्हणजे टाकी, पाहाव्यात. शंभराहून अधिक लेण्यांची ही वसाहत सुमारे हजार वर्षे नांदली, ती डोंगरावर पडणारे पाणी खडकातल्या पन्हळींनी पोढींत वळवून. याच डोंगरांच्या कुशीत विहार तलाव १८६० मध्ये आणि तुळशी तलाव १८७९ मध्ये बांधून पूर्ण झाला, आणि त्यांचे पाणी शहराला आजही मिळते. विहार आणि पवई तलावांच्या सांडव्याचे पाणी घेऊन मिठी नदी माहीमच्या खाडीकडे जाते. २६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझला चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस झाला; जळगाव-धुळ्याच्या सपाटीवर सर्वसाधारण वर्षभरातही एवढा पडत नाही. भराव आणि बांधकामांनी अरुंद झालेल्या मिठीला ते पाणी वाहून नेता आले नाही. नदीचे पात्र, पूरमैदान आणि खाडीचे मुख यांचे मूल्य रुपयांत मांडायचे असेल, तर त्या आठवड्याच्या नुकसानीपासून सुरुवात करता येईल.

१०. किनारा आणि खाडी

वांद्र्याच्या बँडस्टँडला ओहोटीच्या वेळी लाटांनी घासून सपाट केलेले खडकाचे जोते उघडे पडते. हिरवट शेवाळावर पाय ठेवू नये, खळग्यांत हात घालू नये आणि उलटवलेला दगड पुन्हा होता तसा ठेवावा. थोडी अधिक तयारी असेल, तर मार्वेहून तरीने मनोरीला जावे. वस्तुसंग्रहालयाच्या भिंतीत पाहिलेल्या दगडाचा नातलग, म्हणजे ट्रॅकाइट, तेथे जमिनीतून वर आलेला पाहायला मिळतो. जेथे थर स्पष्ट दिसेल तेथे ओळंबा लावून कल मोजावा आणि घाटातल्या रेघांच्या शेजारी लिहावा.

शिवडीला मात्र पूर्ण ओहोटीला जाऊ नये. पाणी फार लांब जाते आणि पक्षीही त्याच्यामागे जातात. हिवाळ्यात रोहित पक्ष्यांची गर्दी असते, म्हणून बहुतेक लोक चिखलाकडे पाहतच नाहीत. तो बारीक गाळ, त्याला धरून ठेवणारी कांदळवने आणि भरतीचे पाणी सामावून घेणारी ती सपाटी हे एकत्र काम करणारे भूरूप आहे. ठाणे खाडीतील रोहित अभयारण्य २०१५ मध्ये घोषित झाले आणि २०२२ मध्ये त्याला रामसर स्थळाचा, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाच्या पाणथळ जागेचा, दर्जा मिळाला, तो पक्ष्यांमुळे. पण पक्षी येतात ते गाळामुळे.

वरळीच्या टेकडीचा उल्लेख मुद्दाम करावा, जरी तेथे आता पाहण्यासारखे काही उघडे नसले तरी. दोन लाव्हाप्रवाहांच्या मधल्या काळात तेथे गोड्या पाण्याचे तळे होते. त्याच्या गाळाच्या खडकात लहान बेडकांचे जीवाश्म मिळाले आणि रिचर्ड ओवेन यांनी १८४७ मध्ये त्यांचे वर्णन प्रसिद्ध केले. आज त्यावर वस्ती आहे. वहीतील एक पान या न दिसणाऱ्या स्थळासाठी ठेवावे आणि ‘सद्यःस्थिती’च्या रकान्यात ‘झाकले गेले’ असे लिहावे.

११. स्थळाचे मूल्य कसे लिहायचे

प्रत्येक स्थळाला दहापैकी गुण देण्याची पद्धत अनेक ठिकाणी वापरतात. मला ती फारशी उपयोगी वाटत नाही, कारण सात आणि आठ यांतील फरक नंतर कोणालाच सांगता येत नाही. त्याऐवजी प्रत्येक स्थळासाठी पुढील प्रश्नांची पूर्ण वाक्यांत उत्तरे लिहावीत: येथे कोणता खडक किंवा भूरूप आहे? ते कसे घडले? ते आज काय काम करते? लोक त्याच्याशी कसे जोडलेले आहेत? जागा कोणाच्या ताब्यात आहे? धोका कशापासून आहे? आणि सर्वांत महत्त्वाचे, हे नष्ट झाले तर त्याची भरपाई दुसरीकडे होऊ शकते का?

नमुन्यादाखल गिल्बर्ट टेकडीची नोंद अशी होईल: ‘उभ्या स्तंभांचा बेसाल्ट, वय सुमारे ६.०५ कोटी वर्षे, मंदिरामुळे नित्य वावर, महानगरपालिकेच्या वारसा यादीत, पायथ्याची बांधकामे आणि स्तंभांचे सुटणारे तुकडे हे धोके, भरपाई अशक्य.’ विहार तलावाच्या बाबतीत शेवटचे उत्तर वेगळे येईल, कारण पाणी लांबून आणता येते आणि मुंबई ते आणतेच. कांदळवनाच्या बाबतीत वर्गात मतभेद होतील: रोपे लावता येतात, पण खाडीची ती विशिष्ट उतरण आणि गाळ लावता येत नाही. अशा ठिकाणी दोन्ही मते लिहून ठेवावीत.

सौंदर्य हा वेगळा रकाना मी ठेवत नाही. ठेवला की विद्यार्थी तेवढाच भरतात.

१२. परत आल्यावर

मुंबईची वही भरून कपाटात गेली, तर सहल अर्धीच झाली. महिन्याभरात तेच प्रश्न घेऊन आपल्या तालुक्यातील एखादे स्थळ नोंदवावे: धुळ्याजवळचा लळिंगचा डोंगर, नंदुरबारकडील डाइक, तोरणमाळचे पठार, चोपडा तालुक्यातील उनपदेवचा गरम पाण्याचा झरा, किंवा तापीकाठच्या गाळात पावसाने कोरलेल्या खोल घळी. डाइकला प्राधान्य द्यावे असे मी सुचवीन. त्याचा दगड टणक आणि जमिनीवर आयता असल्याने खडीच्या क्रशरला तो सोयीचा पडतो; एकदा फुटला की सरळ रेषेत उभी असलेली ती भिंत आणि तिच्यामागे अडलेले भूजल या दोहोंचा हिशेब बदलतो.

नोंद कोठे द्यायची, हा प्रश्न प्रत्येक गटाला पडतो. ग्रामपंचायत पातळीवर जैवविविधता व्यवस्थापन समिती असते आणि तिने लोक जैवविविधता नोंदवही ठेवायची असते. तिच्या नमुन्यात भूदृश्य आणि जलस्रोत यांसाठी जागा आहे, पण ती पाने पुष्कळदा कोरीच राहतात. स्थळाचे नाव, गट क्रमांक, शेजारी माणूस किंवा मापनपट्टी ठेवून काढलेली दोन छायाचित्रे, जवळच्या विहिरींची पाणीपातळी आणि वरील प्रश्नांची उत्तरे अशी दोन पानांची नोंद तयार करून ग्रामपंचायत कार्यालयात द्यावी. सोबत शाळेचे पत्र जोडावे, एक प्रत शाळेच्या दप्तरी ठेवावी आणि दिलेल्या प्रतीवर तारखेसह पोच घेतल्याशिवाय कार्यालयातून निघू नये.